व्याह्यांसाठी काडतुसं

व्हर्नन फोनवर एवढंच म्हणाला होता, की काही आणायची गरज नाही, अगदीच वाटलं तर काडतुसांचा एखादा बॉक्स आणा. मराठी मुलीच्या बापाला ‘काही आणायची गरज नाही’ असं सांगणं किती धोक्याचं असतं, हे मेरीलँडच्या ईस्टर्न शोअरवर मका आणि सोयाबीन पिकवणाऱ्या त्या भल्या माणसाला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

चंद्रशेखर घारपुऱ्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“मृणाल, व्याह्यांनी गीजच्या शिकारीला बोलावलंय. काडतुसं न्यायची आहेत.”

मृणालिनीबाई उद्याचा साबुदाणा भिजवत होत्या. अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये तीस वर्षं संसार करून त्यांना नवऱ्याच्या कुठल्याच वाक्याचं आश्चर्य वाटेनासं झालं होतं.

“कुठली काडतुसं?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांच्या बंदुकीला कुठली लागतात? विचारलंत का?”

“विचारायचं?” चंद्रशेखररावांचा आवाज चढला. “व्याह्यांना? आहेर काय विचारून करतात? माझ्या आत्याच्या लग्नात आजोबांनी व्याह्यांना विचारलं होतं, फेटा हवा की टोपी म्हणून. ते लोक विहिणीच्या पंगतीपर्यंत बोलत नव्हते.”

तेवढ्यात चारुताचा फोन आला. चारुता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. मे महिन्यात तिचं व्हर्ननच्या धाकट्या मुलाशी, ट्रॅव्हिसशी लग्न होतं.

“बाबा, ट्रॅव्हिसच्या डॅडनी तुम्हाला ब्लाइंडमध्ये बोलावलं? तुम्हाला कळतंय का, इट्स अ ह्यूज डील. पाण्याकाठची ती लपायची खोपटी आहे ना, त्यात ते कोणालाच नेत नाहीत. ट्रॅव्हिसच्या वहिनीच्या बाबांना अजून इन्व्हाइट नाही.” मग ती जरा थांबली. “बाबा, प्लीज. या वेळी काही करेक्ट करू नका. प्लीज.”

हे ‘या वेळी’ चंद्रशेखररावांना लागलं, कारण मागची वेळ त्यांनाही आठवत होती. साखरपुड्याच्या जेवणात त्यांनी व्हर्ननला ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप कसा चालतो ते समजावून सांगितलं होतं. मेकॅनिकल इंजिनियर माणूस, निवृत्त झाला तरी ज्ञान काही निवृत्त होत नाही. व्हर्नन चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवत होता आणि पंप स्वतः खोलून दुरुस्त करत होता. तो शांतपणे “असं होय” म्हणाला आणि उरलेली संध्याकाळ एक शब्द बोलला नाही. परतताना गाडीत चारुता रडली होती. मुलीचं ते रडणं बापाच्या मनात सहा महिने रुतून बसलं होतं, आणि या शिकारीच्या आमंत्रणाने ते काढायची संधी आली होती. तेव्हा काडतुसं उत्तमच असली पाहिजेत आणि तीही न विचारता, हे चंद्रशेखररावांनी ठरवून टाकलं.

व्याह्यांना विचारायचं नाही म्हटल्यावर बाकी सगळ्यांना विचारणं आलंच. पहिले आले शेजारचे धर्मराज वासनिक. नागपूरचा माणूस, आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये गेलेलं, पण सल्ला द्यायला विषय माहीत असावा लागतो असं त्यांनी कधी मानलं नाही.

“शेखरभाऊ, टेन्शन घेऊ नका,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “गूज म्हणजे किती मोठा पक्षी. आपल्या तळ्यावर बघता ना रोज? त्याला दमदार माल पाहिजे.”

तळ्यावरचे गीज हा दोघांच्याही दुखऱ्या नसेचा विषय होता. कॉलनीच्या तळ्याभोवतीच्या पायवाटेवर हे कॅनडा गीज, म्हणजे करडे रानहंस, जो काही प्रसाद ठेवून जात, त्यावर चंद्रशेखररावांनी सोसायटीच्या सभेत दोनदा भाषण केलं होतं. एकदा तर एका गूजने त्यांना मान लांब करून पार्किंगपर्यंत पळवलं होतं, आणि ते दृश्य धर्मराजांनी पाहिलं होतं, हे त्याहून वाईट.

“पण अहो, सरस्वतीचं वाहन ना ते,” मृणालिनीबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

“सरस्वतीचा हंस वेगळा. तो पांढरा असतो, सभ्य असतो,” चंद्रशेखरराव म्हणाले. “हा पार्किंगमध्ये मागे लागतो.”

धर्मराज दुसऱ्याच दिवशी काडतुसांचा एक जुना बॉक्स घेऊन हजर झाले. कुणाच्या तरी गराज सेलमध्ये मिळाला होता. पुठ्ठा पिवळा पडलेला, आत काडतुसं मात्र लालबुंद आणि वजनदार. “अस्सल शिसं आहे, भाऊ. आजकाल असा माल भेटत नाही,” ते म्हणाले.

ते खरंच होतं, आणि का मिळत नाही ते चंद्रशेखररावांना शिकारीच्या सुरक्षिततेच्या ऑनलाइन कोर्समध्ये कळलं. त्यांनी नुसतं जाऊन बसायचं होतं, बंदूक हातात घ्यायची नव्हती. पण कायद्याच्या दृष्टीने अर्धवट काही करायला ते तयार नव्हते. कोर्स झाला, परीक्षा झाली, पंचाण्णव टक्के मिळाले, ते त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. मग लायसन्सच्या फॉर्मने विचारलं, की गेल्या वर्षी किती गीज मारले. शून्य लिहिताना त्यांना शाळेत पेपर कोरा दिल्यासारखं वाटलं. मग केंद्र सरकारचा पक्ष्याच्या चित्राचा स्टँप घ्यावा लागला, आणि त्यावर शाईने आडवी सही करायची होती. चंद्रशेखरराव लहानपणापासून टपालाची तिकिटं जमवणारे. इतक्या देखण्या तिकिटावर सही ओढायला त्यांचा हात धजेना, म्हणून त्यांनी दोन घेतले. एक कायद्यासाठी आणि एक अल्बमसाठी.

तर त्या कोर्सच्या सहाव्या धड्यात लिहिलं होतं, की पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे नेणं बेकायदा आहे. पक्षी ते खडे समजून गिळतात आणि मरतात. छर्रे पोलादाचे नाहीतर बिस्मथ नावाच्या धातूचे असायला हवेत. चंद्रशेखररावांनी लॅपटॉप मिटला आणि पँट्रीत तांदळाच्या पिंपामागे ठेवलेल्या धर्मराजांच्या बॉक्सकडे बघितलं. सबंध आयुष्यात पार्किंगचं एक तिकीट न मिळालेला माणूस अचानक बेकायदा दारूगोळ्यासकट राहत होता.

कचऱ्यात टाकायचं तर कचरेवाल्यांचं काही बरंवाईट व्हायचं. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की पोलिसांना फोन करा, साधा नंबर आहे, तातडीचा नको. चंद्रशेखररावांनी फोन लावला आणि घसा साफ करून म्हणाले, “नमस्कार, माझ्या घरात काडतुसं आहेत. मला ती स्वखुशीने तुमच्या हवाली करायची आहेत.” हे वाक्य त्यांनी आधी कागदावर लिहून घेतलं होतं. तसं नसतं केलं तर जरा बरं झालं असतं.

गाडी आली. दिवे लावले नव्हते, पण पोलिसांची गाडी ती पोलिसांचीच. पाच मिनिटांत कॉलनीच्या ग्रुपवर ‘घारपुरेंकडे पोलीस, एनी आयडिया?’ असा मेसेज पडला, आणि त्याखाली धर्मराजांनी ‘आय नो नथिंग’ असं लिहून ठेवलं. पोलीस मात्र फार समजूतदार निघाला. त्याने बॉक्स बघितला, घरात ठेवणं काही गुन्हा नाही, फक्त गीजना नेऊ नका म्हणाला, आणि तरीही नकोच असेल तर मी नेतो म्हणाला. मग दारातच उभा राहून त्याने विचारलं, गीजसाठी काय नेताय? ठरलं नाही म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. “बीबी छर्रे घ्या, सर. साडेतीन इंची काडतूस. दुसऱ्या कोणाचं ऐकू नका.”

दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही, हे दुसऱ्या सगळ्यांनीही सांगितलं. हायवेलगतच्या शिकारीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, दारातल्या पेंढा भरलेल्या अस्वलाला वळसा घालून, चंद्रशेखरराव मृणालिनीबाईंसह काडतुसांच्या भिंतीसमोर उभे राहिले. सबंध भिंत. लाल, हिरवे, निळे, सोनेरी बॉक्स, आणि प्रत्येकावर आकडे.

“कुठल्या बंदुकीसाठी?” काउंटरवरच्या दाढीवाल्याने विचारलं.

“माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या.”

“गेज काय?”

“चांगलं,” चंद्रशेखरराव म्हणाले.

मग दाढीवाल्याने समजावायला घेतलं आणि इंजिनियराच्या बुद्धीला एकेक धक्का बसत गेला. वीस गेजची नळी बारा गेजपेक्षा बारीक. नंबर चारचे छर्रे नंबर दोनपेक्षा लहान. बीबी सगळ्यांहून मोठी, तर तिला नंबरच नाही. “ही काय पद्धत झाली?” चंद्रशेखरराव मराठीत पुटपुटले. “आकडा वाढला की माल कमी होतो?”

“त्यात काय एवढं?” मृणालिनीबाई तक्त्यावरची गोल चित्रं बघत म्हणाल्या. “साडेसात नंबर म्हणजे मोहरी. दोन नंबर म्हणजे ज्वारी. आणि बीबी म्हणजे साबुदाणा. बारीक घेतलं तर जास्त मावतात, जाड घेतलं तर कमी पण जोरात लागतात.”

दाढीवाल्याने ते इंग्रजीत करून घेतलं आणि त्यांच्याकडे आदराने बघितलं. आपल्याला ते आधी सुचलं नाही याचं चंद्रशेखररावांना वाईट वाटलं.

तोवर मागे दोन गिऱ्हाइकं जमली होती. एक म्हणाला बीबी, दुसरा म्हणाला दोन नंबर, नेम असेल तर दोनच पुरे. पहिला म्हणाला, लांबून येतात तेव्हा दोन नंबर पिसाला गुदगुल्या करतो. दुसरा म्हणाला, लांब असताना मारावंच कशाला. मग बिस्मथ की पोलाद यावर जुंपली. चंद्रशेखररावांना एकदम घरच्यासारखं वाटलं. देवगड की रत्नागिरी यावर त्यांच्या मामांकडे दर मे महिन्यात हेच व्हायचं आणि शेवटी पायरी आंबे यायचे.

“आता?” मृणालिनीबाईंनी विचारलं.

“सगळे घेऊ,” चंद्रशेखरराव म्हणाले. “बारा गेज, वीस गेज, दहा गेज. तिन्ही लांब्या. बीबी, दोन, एक. ते बघतील आणि हवं ते ठेवून घेतील. उरलेले परत करू. अमेरिकेत राहून काय उपयोग मग?”

हे खास आपल्या लोकांचं शास्त्र. दिवाणखान्यात तीन गालिचे आणून एक ठेवायचा आणि दोन परत करायचे. चंद्रशेखररावांनी तर एकदा वापरलेलं गवत कापायचं यंत्रसुद्धा परत केलेलं. काउंटरच्या मागे एक पाटी होती, तिच्यासमोर नेमका दाढीवाला उभा होता.

संक्रांत नुकतीच झाली होती. घरी मृणालिनीबाईंनी ते बॉक्स मोठ्या स्टीलच्या डब्यात नीट रचले. वर तिळगुळाची पुडी ठेवली आणि सवयीने प्रत्येक बॉक्सच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. “मुलीकडचं आहे,” त्या म्हणाल्या. “उघडं कसं न्यायचं?”

अखेर तो दिवस आला. चंद्रशेखरराव आदल्या संध्याकाळीच खाडीवरचा बे ब्रिज ओलांडून शेतावर, व्हर्नन आणि त्याची बायको ग्लेंडा यांच्याकडे मुक्कामाला गेले होते. उजाडायच्या आत दोन व्याही वेताने आणि मक्याच्या धाटांनी झाकलेल्या त्या खोपटीत जाऊन बसले. समोर पाणी, पाण्यावर व्हर्ननने सोडलेले खोटे गीज, मागे कापलेलं शेत. थंडी अशी, की चंद्रशेखररावांनी घातलेले दोन स्वेटर आणि माकडटोपी व्हर्ननने बघून न बघितल्यासारखं केलं.

चंद्रशेखररावांनी डबा पुढे केला. व्हर्ननने झाकण काढलं. तो एकेक बॉक्स बाहेर काढी, त्यावरचा मजकूर पूर्ण वाची, हळदीकुंकवाच्या बोटावरून अंगठा फिरवी आणि फळीवर मांडी. सगळे मांडून झाल्यावर तो म्हणाला, “उत्तम काडतुसं आहेत. फार उत्तम.”

चंद्रशेखररावांच्या छातीवरून मणभर ओझं उतरलं.

मग व्हर्ननने थर्मास उघडला आणि त्यांना कप दिला. “चहा,” तो म्हणाला, मराठीतला शब्द, चारुताकडून शिकलेला. चंद्रशेखररावांनी मोठा घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. चहात आलं होतं, वेलची होती, आणि त्यांची जीभ चुकत नसेल तर धने, आमचूर आणि काळं मीठ होतं. कुठल्या तरी भारतीय दुकानातून आणलेला छोले मसाला दुधात उकळला होता.

त्यांच्या जिभेवर एक सविस्तर वाक्य तयार झालं. चहाचा मसाला वेगळा असतो, तो कसा करतात, प्रमाण काय. मग त्यांना गाडीत रडणारी चारुता आठवली. त्यांनी ते वाक्य आणि तो घोट दोन्ही गिळले.

“उत्तम चहा आहे,” ते म्हणाले. “फार उत्तम.”

व्हर्ननने लगेच कप पुन्हा भरला.

गीज आले. आधी नुसते आवाज, मग आभाळात वेडीवाकडी रेघ, मग थवा खाली वळला. व्हर्ननने आपल्या आजोबांच्या वेळची बंदूक मांडीवर घेतली, बघितलं आणि कुजबुजला, “जरा लांब आहेत.”

दुसरा थवा आला. तो पहिल्यापेक्षा जवळ आला. “जरा लांब आहेत,” व्हर्नन म्हणाला. तिसऱ्या थव्यातले गीज पंख पसरून खोट्या गीजमध्येच उतरले, खोपटीपासून, कॉलनीच्या तळ्याहून पार्किंग जेवढं लांब तेवढ्याच अंतरावर. त्यातला एक तर तोंडावरून चंद्रशेखररावांच्या ओळखीचा वाटला. त्यांनी व्हर्ननकडे बघितलं. व्हर्नन पाण्याकडे बघत होता.

“जरा लांब,” तो म्हणाला.

तेव्हा इंजिनियराची नजर कामाला लागली. बंदुकीची नळी त्यांच्या गुडघ्याजवळ होती आणि तिच्या बुडाशी, झिजलेल्या अक्षरांत, सोळा गेज असं कोरलेलं होतं. चंद्रशेखररावांनी फळीकडे बघितलं. बारा, वीस, दहा. परत नळीकडे बघितलं. व्हर्ननच्या कोटाचा खिसा जरा फुगलेला होता आणि त्यातून एका काडतुसाचं पितळी बूड डोकावत होतं. त्याची स्वतःची काडतुसं त्याच्याजवळ होती. पाहुण्याने आणलेली फळीवर मांडलेली असताना खिशातली काढून भरायची कशी, म्हणून तो माणूस सकाळभर हाताशी आलेले पक्षी लांब आहेत म्हणत सोडून देत होता.

चंद्रशेखररावांना आधी लाज वाटली. मग इतकं भरून आलं, की आजोबा, आत्या, फेटा आणि टोपी सगळं विसरून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच व्याह्यांना विचारायचा प्रश्न विचारला.

“व्हर्नन, तुमच्या बंदुकीला काय लागतं?”

व्हर्ननने खिशातलं काडतूस काढून फळीवर ठेवलं. “सोळा गेज. पावणेतीन इंची. बिस्मथच, पोलादाने आजोबांची नळी खराब होईल,” तो म्हणाला. मग त्याने कपाकडे बघितलं. “आणि तुमच्या चहाला काय लागतं?”

“हे नाही लागत,” चंद्रशेखरराव म्हणाले.

“मला वाटलंच. ग्लेंडाने दुकानातले सगळे मसाले आणले. म्हणाली, पाहुण्याला विचारायचं कसं. मी पण मघापासून पितोय,” व्हर्नन म्हणाला आणि हसायला लागला. तो हसला तसे चंद्रशेखररावही हसले, आणि दोन म्हाताऱ्यांच्या त्या हसण्याने सगळे गीज एकदम उडाले. आता ते खरोखरच लांब गेले.

घरी आल्यावर चारुताने विचारलं, “बाबा, किती मिळाले?”

“एकही नाही. जरा लांब होते,” चंद्रशेखरराव म्हणाले.

दुकानात काडतुसं परत करायला गेल्यावर तो दाढीवाला बाजूला सरकला आणि पाटी दिसली. दारूगोळा परत घेतला जात नाही. चंद्रशेखररावांनी वाद घातला, मॅनेजरला बोलावलं, इतक्या वर्षांचं गिऱ्हाइक आहे असं सांगितलं, जे खोटं होतं. काही उपयोग झाला नाही. डबा तसाच परत आला आणि पँट्रीत तांदळाच्या पिंपामागे बसला.

मे महिन्यात व्हर्ननच्या शेतावरच्या कोठारात लग्न लागलं. मृणालिनीबाईंनी रुखवत मांडला. चकल्या, करंज्या, लोकरीचं तोरण, आणि मधोमध हळदीकुंकू लावलेली काडतुसं, कारण ती दुसरीकडे कुठे ठेवणार? पुण्याहून आलेल्या मावशींनी भुवया चढवल्या. पण व्हर्नन फेटा बांधून त्या टेबलापाशी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, की हा साबुदाणा आणि ही ज्वारी. त्याच्या मागे ग्लेंडाने आणलेल्या मसाल्यांची रांग होती, छोले सगळ्यात पुढे. धर्मराज पाहुण्यांना शिशाचे तोटे समजावून सांगत होते.

संध्याकाळी सगळं आटोपल्यावर चंद्रशेखरराव कोठाराबाहेर एकटेच उभे होते. चारुता आता इथेच राहणार होती, या शेतावर, बे ब्रिजच्या पलीकडे. व्हर्नन दोन कप घेऊन आला. या खेपेला चहात फक्त आलं होतं.

पाण्यावरून गीजची एक रेघ ओरडत गेली. दोघांनी माना वर केल्या. चंद्रशेखरराव म्हणाले, “हर्नडनपासून हे जरा लांब आहे.”

“नाही,” व्हर्नन म्हणाला. “हे लांब नाही.”